हरिभाऊ आपट्यांची बदलती लेखनरीत



कादंबरीकार पहिली कादंबरी ज्या रीतीने लिहितो त्याच रीतीने शेवटचीही लिहितो, मधल्या काळात हात बसतो एवढाच काय तो फरक, अशी आपली एक समजूत असते. हरि नारायण आपटे यांच्या बाबतीत ती टिकत नाही. १८८५ पासून पुढे तीस वर्षांहून अधिक काळ हरिभाऊ कादंबऱ्या लिहीत होते. आणि त्यांचा हात जसजसा सराईत होत गेला तसतसे आपल्या काळातल्या माणसांची गोष्ट शेवटास नेणे त्यांना जड जाऊ लागले. असे का व्हावे, एवढाच प्रश्न आज मी आपल्यापुढे मांडणार आहे. हरिभाऊ थोर होते की नव्हते याचा निवाडा पुष्कळांनी केलेला आहे. त्यात मी पडत नाही.

पारोळ्यास ८ मार्च १८६४ रोजी जन्मलेला हा मुलगा पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलात चिपळूणकर-आगरकरांच्या हाताखाली शिकला. गणिताने दगा दिल्यामुळे त्याला पदवी मिळाली नाही. मराठी कादंबरीच्या दृष्टीने ते बरेच झाले म्हणावयाचे! एकविसाव्या वर्षी त्याने ‘मधली स्थिती’ लिहावयास घेतली आणि ती ‘पुणेवैभव’ पत्रातून येऊ लागली. हिचा सांगाडा रेनॉल्ड्सच्या लंडनविषयीच्या रहस्यकथेवरून घेतलेला होता. सांगाडा परका, आत भरलेले पुणे मात्र आपले, अशी ही पहिली रीत. नवशिक्या लेखकाला उसन्या कथानकाचा एक मोठा आधार असतो : पुढे काय होणार हे दुसऱ्याने अगोदरच ठरवून ठेवलेले असते.

हाच आधार त्यांनी ऐतिहासिक कादंबरीच्या आरंभीही घेतला. ‘म्हैसूरचा वाघ’ ही मेडोज टेलरच्या टिपू सुलतानावरील कादंबरीच्या आधाराने लिहिलेली आहे. हा टेलर आपल्याला अगदीच परका नाही. १८५३ पासून काही वर्षे तो येथून जवळच नळदुर्गास इंग्रजांचा अधिकारी होता, आणि पुढे विलायतेस गेल्यावर त्याने ‘तारा’ ही कादंबरी लिहिली तिच्यात आपली तुळजापूरची भवानी आहे. तेव्हा मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या वाटेवर आपल्या मुलखाची थोडी धूळ आहे, असे सोलापूरकरांनी म्हणावयास हरकत नाही.

१८९० साली हरिभाऊंनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले, आणि त्यांच्या लेखनरीतीतला खरा बदल येथे झाला. आता लेखक तेच, संपादकही तेच. आठवडा उगवला की छापखान्याला मजकूर हवा. मागचे प्रकरण छापून वाचकांच्या घरी पोचलेले. त्यातली एक ओळही आता परत घेता येत नाही. पुढचे प्रकरण पुष्कळदा अजून डोक्यातच. त्यात एकाच वेळी दोन-दोन कादंबऱ्या चालत. १८९३ च्या सुमारास एकीकडे ‘यशवंतराव खरे’ आणि दुसरीकडे ‘मी’ अशा दोन संसारांचा गाडा ते एकट्याने ओढीत होते.

अशा स्थितीत ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहून झाली, याचे मला सर्वांत अधिक नवल वाटते. १८९० ते १८९३ एवढा काळ ती चालू होती. तिच्यात हरिभाऊंनी एक युक्ती केली. युक्ती म्हणून केली असेल किंवा सहज सुचली असेल. सगळी हकीकत त्यांनी यमूच्या तोंडी घातली. एक बालविधवा आपले आयुष्य आठवते आहे आणि लिहिते आहे. या एका निर्णयाने साप्ताहिकाच्या पुष्कळ अडचणी सुटल्या. आठवणी सांगणारी बाई मध्येच थांबते, मागचे काही राहिले म्हणून परत फिरते, एखाद्या सणाच्या किंवा रुसव्याच्या हकिकतीत आठ पाने रमते. वाचकाला ते खटकत नाही, कारण आपल्या घरातल्या आत्या-मावश्या अशाच बोलतात. लेखकाजवळ आराखडा कच्चा असला तरी तो सांगणारीच्या स्वभावात जिरून जातो. शिवाय यमूचा शेवट हरिभाऊंना शोधावा लागला नाही. नवऱ्याचा मृत्यू, सासरी परत जाणे, जबरदस्तीचे केशवपन आणि झिजून मरण, हा शेवट त्या काळच्या ब्राह्मण घरांत डोळ्यांपुढे होता. कादंबरी लिहिणाऱ्या काशीबाई कानिटकरांशी हरिभाऊंचा जो स्नेह होता तो प्रसिद्धच आहे. पुरुषाच्या लेखणीतून बाईचे बोलणे इतके खरे उतरले, त्यामागे असे ऐकणे पुष्कळ असले पाहिजे, असे मी मानतो.

‘मी’ मध्ये हीच आत्मकथनाची रीत त्यांनी भावानंदासाठी वापरली. पण येथे एक गोष्ट वेगळी आहे. यमूचे दुःख समाजात होते; भावानंदाचा मठ समाजात नव्हता. संसार बाजूस ठेवून देशसेवेला वाहून घेतलेल्या माणसांची संस्था हरिभाऊंना कल्पनेने उभी करावी लागली. दहा वर्षांनी, १९०५ साली, त्यांचे स्नेही गोपाळराव गोखले यांनी भारत सेवक समाज काढला, तेव्हा कादंबरीतली कल्पना पुण्यात प्रत्यक्ष चालू-बोलू लागली. लेखकाला याहून मोठा मान कोणता? पण त्यातच पुढची अडचण होती.

कारण १९०५ नंतरचे पुणे १८९० चे राहिले नव्हते. वंगभंग झाला, स्वदेशी-बहिष्काराची लाट आली, घराघरांत जहाल-मवाळ अशी फळी पडली. विधवेचा शेवट काय होतो हे १८९० साली सर्वांना ठाऊक होते. नव्या काळातल्या तरुणाचा शेवट काय होणार हे १९०६ साली कोणी सांगावे? ‘आजच’ या कादंबरीत हरिभाऊ या काळाला हात घालू लागले आणि ती अपुरी राहिली. पुढे ‘कर्मयोग’ही अपुरी राहिली. कोणी म्हणेल, तरुणपणची ‘गणपतराव’सुद्धा अपुरीच आहे. खरे आहे, पण तेव्हा पत्र दुसऱ्याचे होते आणि लेखक शिकाऊ होता. नंतरच्या काळात पत्र स्वतःचे, वाचक आपले, हात कसलेला, आणि तरी कथा पुढे सरकेना.

येथे इंग्रजीतील डिकन्सची आठवण होते. तोही हप्त्याहप्त्याने लिहिणारा. १८३६ मध्ये ‘पिकविक’ सुरू केली तेव्हा तो वाट फुटेल तसा चालत होता. पण १८४६ पासून, ‘डॉम्बी’च्या वेळेपासून, प्रत्येक हप्त्याचा आराखडा तो वेगळ्या कागदावर नीट मांडू लागला. डिकन्स सैल लिहिण्याकडून आखीव लिहिण्याकडे गेला. हरिभाऊंना तेवढी उसंतच नव्हती. आनंदाश्रमाची व्यवस्था आणि तेथील संस्कृत ग्रंथमाला त्यांच्याकडे, पुणे नगरपालिकेचे काम आणि पुढे तिचे अध्यक्षपद, १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद. यमूचे घर ज्याने आतून पाहिले तो लेखक आता सभेतल्या खुर्चीवर बसला होता. तेथून माणसे पुष्कळ दिसतात, पण ती बोलतात जपून.

मग हरिभाऊ इतिहासाकडे अधिक वळले, याचे कारण देशाभिमान हे तर आहेच. ‘उषःकाल’ १८९५ ते ९७ मधली, म्हणजे रायगडच्या शिवोत्सवाच्या दिवसांतली आहे. पण मला लेखनरीतीतलेही एक कारण दिसते. इतिहास शेवट तयार देतो. ‘गड आला पण सिंह गेला’ हे नाव वाचताच सिंहगडावर काय होणार हे पोवाडे ऐकलेल्या प्रत्येक मराठी माणसाला कळते. लेखकाने तेथवर वाचकाला कसे न्यायचे एवढेच पाहावयाचे. साधनेही तेव्हा तुटपुंजी होती. राजवाड्यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ चा, म्हणजे ‘उषःकाल’ संपल्यानंतरचा. ‘चंद्रगुप्त’ लिहीत होते तेव्हा कौटिल्याचे अर्थशास्त्र छापलेलेच नव्हते. ते १९०९ चे. तेव्हा बखर, परंपरा आणि नाटक यांवर त्यांना भागवावे लागले, आणि उरलेल्या जागी त्यांनी भुयारे, वेषांतरे, गुप्त खलबते यांची भर घातली. या भुयारांचा मला पुढे पुढे कंटाळा येतो, हे सांगून टाकतो.

‘वज्राघात’मध्ये मात्र तसे होत नाही. १९१३ ते १५ मधली ही कादंबरी विजयनगरच्या नाशाची, १५६५ च्या राक्षसतागडीच्या लढाईची आहे. त्या लढाईआधी दक्षिणेतल्या सुलतानांची जी एकी झाली, तिच्यात अहमदनगरची चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहास दिली गेली आणि आपला सोलापूरचा भुईकोट आंदणात गेला. ज्या किल्ल्यासाठी दोन शाह्या वर्षानुवर्षे लढल्या तो एका लग्नात सुटला, आणि त्याची किंमत विजयनगरने मोजली. हरिभाऊंनी या प्रचंड घटनेला रामराजाच्या घरातल्या वैराची बाजू दिली. बापाने अव्हेरलेला मुलगा शत्रूच्या बाजूने उभा राहतो, आणि राज्याचा अंत एका कुटुंबाचा अंत होतो. शेवट इतिहासाचा, आतले दुःख ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिणाऱ्याच्या ओळखीचे. दोन्ही रीती येथे एकत्र आल्या.

अर्थात तयार शेवट म्हणजे हमी नव्हे. शिवकालावरची ‘सूर्यग्रहण’ अपुरीच राहिली, आणि तिचा शेवट तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक होता. तेथे कमी पडला तो वेळ. पुढे ना. सी. फडक्यांच्या पिढीने रेखीव कथानकाचा आग्रह धरला तेव्हा हरिभाऊंच्या पाल्हाळाला पुष्कळ नावे ठेवली गेली. टीका खोटी नाही. पण दर आठवड्याला छापखान्याचा माणूस दारात उभा असताना लिहिलेल्या पानांना ती लावताना थोडा हात राखावा.

१९१७ साली ‘करमणूक’ बंद झाली. ३ मार्च १९१९ रोजी, पंचावन्न वर्षे पुरी व्हावयास पाच दिवस उरले असताना, हरिभाऊ वारले. ‘आजच’ आणि ‘कर्मयोग’ यांतली माणसे ज्या प्रकरणात होती त्याच प्रकरणात थांबून राहिली.