खाडीकाठची बालगृहे आणि तपासणीचा प्रश्न

पनवेल खाडीच्या काठी, बेलापूर किल्ल्याजवळ वसलेले दिवाळे हे कोळ्यांचे गाव सिडकोने 1970 नंतर उभारलेल्या नवी मुंबईत सामावले गेले. तथापि शहराची सलग वस्ती दोन जिल्ह्यांत विभागलेली राहिली, दिवाळे ठाण्यात आणि थोड्या अंतरावरचे कळंबोली रायगडात. निराधार मुलांच्या संगोपनाचा निर्णय घेणारी बालकल्याण समिती जिल्हावार असल्याने कळंबोलीतील बालगृहाची जबाबदारी रायगडच्या यंत्रणेकडे होती.

मुंबई इलाख्यात मुलांसाठी स्वतंत्र कायदा 1924 साली झाला. देखरेखीची तरतूद पुढे वाढत गेली, पण मुलाच्या शब्दाला वजन मिळण्यास विलंब लागला. कुलाब्याच्या अँकरेज या आश्रयगृहातील लैंगिक अत्याचारांची तक्रार 2001 मध्ये पुढे आली. सत्र न्यायालयाने 2006 साली संस्थेच्या दोन ब्रिटिश चालकांना शिक्षा सुनावली, उच्च न्यायालयाने 2008 मध्ये मुलांची साक्ष अविश्वसनीय मानून त्यांना निर्दोष ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2011 मध्ये ती शिक्षा पुन्हा कायम केली. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, म्हणजे ‘पॉक्सो’, नोव्हेंबर 2012 मध्ये लागू झाला, तोवर हा खटला संपला होता.

त्याच सुमारास शहापूर तालुक्यातील कवडास येथील बालगृहाच्या दुरवस्थेची उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि अशा बालगृहांच्या पाहणीसाठी डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. रायगड जिल्ह्याच्या नित्य यंत्रणेला न दिसलेला अत्याचार या समितीमुळे 2011 मध्ये कळंबोलीच्या कल्याणी संस्थेत उघडकीस आला. तेथील पीडित मुली मतिमंद होत्या, त्यांतील काही मूकबधिरही. सत्र न्यायालयाने मार्च 2013 मध्ये संस्थाचालकाला फाशी सुनावली, पण खुनाचा आरोप टिकला नाही म्हणून उच्च न्यायालयाने 2014 मध्ये ती रद्द केली. बलात्काराबद्दलची शिक्षा मात्र राहिली.

बालन्याय अधिनियम 2015 ने नोंदणी बंधनकारक केली आणि तपासणी समितीने दर तीन महिन्यांनी किमान एकदा भेट द्यावी, तिच्यात एक महिला व एक वैद्यकीय अधिकारी असावा, असे ठरवले. तरीही ऑगस्ट 2022 मध्ये दिवाळे गावाशेजारच्या सीवूड्समधील विनापरवाना आश्रयगृहातून 45 मुलांची सुटका करावी लागली. तपासणी नोंदणीकृत संस्थांच्या यादीनुसार होते, आणि ज्या संस्थेने नोंदणीच केली नाही ती त्या यादीत नसते; म्हणून कायद्याचा कस न्यायालयात लागण्याआधी त्या यादीबाहेरच्या दारांशी लागतो.