हर्स्ली हाउस
इंग्लंडमध्ये हँपशर परगण्यात विंचेस्टरजवळ असलेला लाल विटांचा वाडा. सर विल्यम हीथकोट यांनी तो १७२० च्या दशकात बांधवला. विटांची भरीव भिंत आणि तिला उठाव देणारे फिकट दगडकाम ही दर्शनी भागाची ओळख. सजावटीपेक्षा प्रमाणबद्धतेवर भर असल्याने तो आजही डौलदार वाटतो. १९०२ मध्ये सर जॉर्ज कूपर यांनी तो विकत घेऊन वाढवला. १९४० मध्ये साउथँप्टनमधील ‘स्पिटफायर’ विमानाच्या कारखान्यावर बाँबहल्ले झाल्यावर या विमानाचा आरेखन विभाग येथे हलला आणि नृत्यदालनात आराखड्यांचे काम सुरू झाले. १९५८ मध्ये आयबीएम कंपनी येथे आली. तिने प्रयोगशाळांसाठी आवारात स्वतंत्र इमारती उभारल्या, म्हणून कचेरी झाल्यावरही वाड्याची मोठी दालने टिकली. हीच या रूपांतराची मोलाची बाजू आहे.