सारंगखेड्याचा घोडेबाजार : चालीचे मोल

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातले सारंगखेडा हे तापीकाठचे गाव. दत्तमूर्ती बहुतेक ठिकाणी तीन मुखांची असते, इथली एकमुखी आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, या देवाची यात्रा सुरू होते आणि तिच्यासोबत घोडेबाजार भरतो. यात्रा तीनशे वर्षांहून जुनी असल्याचे परंपरा सांगते. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश इथले व्यापारी घोडे घेऊन उतरतात आणि गावाबाहेरच्या मोकळ्या रानात दावणी लागतात.

बाजार इथेच का रुजला, हे नकाशा पाहिल्यावर कळते. मोगल काळात सुरत बंदरात उतरलेला माल तापीच्या खोऱ्यातून, नंदुरबारवरून बऱ्हाणपूरला आणि तिथून आग्र्याकडे जाई. उत्तरेला सातपुड्यापलीकडे माळवा, पश्चिमेला गुजरात, दक्षिणेला घाटांच्या वाटेने दख्खन. घोडे पैदा करणारा मुलूख आणि घोडे विकत घेणारा मुलूख यांच्या मधोमध हा टापू येतो. मुहूर्तही सोयीचा. मार्गशीर्षात पाऊस सरलेला असतो, वाटा वाळलेल्या असतात आणि ज्वारी निघाल्यामुळे कडबा हाताशी असतो.

मराठी फौजेत घोडेस्वार दोन प्रकारचे असत. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. शिलेदाराचे सारे भांडवल म्हणजे त्याचा घोडा. तो पडला की नवा घेण्याची ऐपत हवी, नाहीतर पागेची वाट धरावी लागे. अशा माणसाला नुसता वेगवान घोडा परवडत नसे. दिवसभर मजल मारून संध्याकाळी ताठ उभा राहणारा, आणि स्वारालाही उभे राहण्याजोगा ठेवणारा, घोडा त्याला लागे.

इथेच चालीचा प्रश्न येतो. दुडक्या चालीत घोड्याचा उजवा पुढचा आणि डावा मागचा पाय एकदम उचलला जातो आणि प्रत्येक पावलाला स्वाराच्या कमरेला दणका बसतो. रेवाल चालीत एकाच बाजूचे पुढचे आणि मागचे पाय जवळजवळ जोडीने पडतात. पाठ हलत नाही, स्वार डुलतो तेवढाच. मारवाडी जातीच्या काही घोड्यांत ही चाल उपजत असते, पण ती टिकवायला आणि वाढवायला चाबूकस्वाराचा, म्हणजे घोडा शिकवणाऱ्याचा, हात लागतो.

1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला आणि शिलेदारी संपली. 1900 च्या सुमारास तापी व्हॅली रेल्वे सुरतेहून नंदुरबार, दोंडाईचा करत अंमळनेरला पोचली. लांबचा प्रवास तिने घेतला, उरलेला पुढे मोटारीने. टांगेवाल्याने घोड्याला आणखी काही दशके पोसले इतकेच. तरी बाजार उठला नाही. त्याला दोन नवे गिऱ्हाईक मिळाले होते : लग्नाची वरात आणि घोड्याचा शौकीन. वरातीला नाचणारा घोडा हवा, शौकिनाला रेवाल. शिलेदाराने गरजेपोटी पारखलेली चाल शौकिनाने हौसेपोटी जपली.

पारख करण्याची रीत मात्र जुनीच राहिली. गिऱ्हाईक आधी ओठ वर करून दात पाहतो. अडीच वर्षांच्या सुमारास मधले दुधाचे दात पडून कायमचे येतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कडेचे. पाचव्या वर्षी तोंड पुरे होते. मग रंग : कुमैत, अबलख, मुश्की, नुकरा. चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा असेल तर पंचकल्याणी. त्यानंतर अंगावरचे भोवरे. गळ्यावरचा देवमण शुभ, काही भोवरे इतके अशुभ की उत्तम घोड्याचा भाव त्यांनी पडावा. भोवऱ्याचा अंगच्या गुणाशी काही संबंध नाही, पण किमतीशी निश्चित आहे. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचे आत वळून टोकाला टोक लावणारे कान सगळ्यात शेवटी पाहिले जातात, कारण ते लांबूनच दिसलेले असतात.

यात्रेतल्या स्पर्धा याच पारखीतून वाढल्या. रेवालच्या शर्यतीत घोड्याने चाल मोडून चौखूर धाव घेतली की तो बाद, मग तो कितीही पुढे असो. नाचाच्या स्पर्धेत घोडे मागच्या पायांवर उभे राहतात, हलगीवर ठेका धरतात, काही तर खाटेवर चढून नाचतात. नाव झालेल्या घोड्याची मोठी कमाई बक्षिसात नसते. पुढची कित्येक वर्षे त्याच्याकडे घोड्या लावायला आणल्या जातात आणि त्याच्या शिंगरांना जन्मतःच भाव येतो.

नंदुरबार जिल्हा धुळ्यातून 1 जुलै 1998 रोजी वेगळा झाला. अलीकडे या यात्रेला चेतक फेस्टिव्हल हे नाव जोडले गेले आणि राज्याच्या पर्यटन खात्याने तिच्यात लक्ष घातले. तंबूंचे निवास आले, पाहुण्यांत शहरी मंडळी वाढली. त्याच काळात देशातले घोडे मात्र झपाट्याने घटले. 2012 च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टे सव्वासहा लाखांच्या घरात होती, 2019 मध्ये सुमारे 3 लाख 40 हजार उरली. बाजारापुढची दुसरी चिंता ग्लँडर्स या जिवाणूजन्य रोगाची आहे. तो माणसालाही होतो, त्यावर लस नाही आणि बाधित जनावर कायद्याने मारावे लागते. त्यामुळे गिऱ्हाइकाने दात पाहण्याआधी आता रक्ततपासणीचा दाखला पाहिला जातो.