लाही आणि पाक : नंदुरबारच्या मुलखातील एका खाऊचा पूर्वेतिहास

कॅरॅमल पॉपकॉर्न हा पदार्थ आपल्याकडे मल्टिप्लेक्सच्या जोडीने आला असा सार्वत्रिक समज आहे, आणि नावापुरता तो खराही आहे. परंतु नाव बाजूला ठेवून पदार्थाकडे पाहिले, तर त्यात दोनच क्रिया उरतात : धान्य उष्णतेने फुलवणे आणि ते आटवलेल्या साखरेने बांधणे. या दोन्ही क्रिया आपल्याकडे फार जुन्या आहेत. त्यांचा इतिहास मात्र एक नाही. लाहीचा इतिहास शेताचा आणि चुलीचा आहे. पाकाचा इतिहास बाजाराचा, उसाचा आणि उधारीचा आहे. सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचा नंदुरबार जिल्हा (१ जुलै १९९८ रोजी तो धुळ्यापासून वेगळा झाला) हे दोन्ही इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहण्यास विशेष सोयीचा आहे; कारण तेथे मका डोंगरात पिकतो, ऊस तापीकाठच्या सपाटीवर, आणि या दोहोंमधले अंतर केवळ भूगोलाचे नाही.

आधी लाहीविषयी. मराठीतली ‘लाही’ ही संस्कृत ‘लाजा’ची लेक. विवाहविधीतल्या लाजाहोमात वधूच्या ओंजळीत तिचा भाऊ लाह्या घालतो. नागपंचमीला नागाला लाह्या वाहतात. लक्ष्मीपूजनाला साळीच्या लाह्या आणि बत्तासे लागतात. यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. लाही पूजेत येते ती कोरडी. गोडवा तिच्या शेजारी वेगळ्या वाटीत बसतो, बत्तासा किंवा गुळाचा खडा होऊन. खानदेशात ही लाही मुख्यतः ज्वारीची. लगतच्या गुजरातेत तिला धाणी म्हणतात आणि होळीला ती खजुराबरोबर खातात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने खास लाह्यांसाठी काढलेल्या ज्वारीच्या वाणाला ‘फुले पंचमी’ हे नाव दिले आहे. कृषिशास्त्रज्ञांच्या नामकरणात इतका रसिकपणा क्वचितच आढळतो.

दाणा फुलतो कसा, याचे शास्त्र सोपे आहे. कठीण टरफलाच्या आत थोडी ओल अडकलेली असते. मक्यात ती सुमारे १४ टक्के असली तर उत्तम. दाणा तापत जातो तशी या ओलीची वाफ होते, आतला पिठूळ भाग मऊ होतो, आणि १८० अंश सेल्सिअसच्या सुमारास टरफल हार मानते. दाब एकदम सुटतो आणि आतला स्टार्च फेसासारखा पसरून तसाच वाळतो. टरफलाला बारीकशी चीर असेल तर वाफ हळूहळू निघून जाते आणि दाणा नुसता करपतो. म्हणूनच भोई आणि भडभुंजे तापल्या वाळूत दाणे टाकतात : वाळू प्रत्येक दाण्याला सर्व बाजूंनी एकाच वेळी उष्णता देते. यासाठी तेल लागत नाही की साखर लागत नाही. एक कढई, मूठभर वाळू आणि जळण एवढ्यावर भागते. लाही हा गरिबाला परवडणारा चमत्कार आहे. मूठभर धान्याची टोपलीभर रास होते.

मका या परंपरेत उशिरा आला. अमेरिका खंडातले हे धान्य पोर्तुगीजांच्या आगमनानंतर, सोळाव्या शतकापासून पुढे हिंदुस्थानात पसरले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी इ.स. १५०० ते १९०० या काळातील मक्याच्या भारतीय इतिहासावर स्वतंत्र निबंध लिहिला होता. एका धान्यासाठी इतकी कागदपत्रे उलथीपालथी करणारा विद्वान आज दुर्मीळच. मक्याच्या मायदेशी तर लाही फारच पुरातन : पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर पॉपकॉर्न जातीच्या मक्याचे सहा हजार वर्षांहून जुने अवशेष सापडले आहेत. परका म्हणून मक्याला नाक मुरडण्याचे आपल्याला कारण नाही. ज्वारीही मूळची आफ्रिकेची. ती काही हजार वर्षे आधी पोचली इतकेच. आणि राजगिरा? तोही अमेरिकेचाच, पण तो उपवासाला चालतो. मेक्सिकोत फुलवलेला राजगिरा मधात किंवा गुळात बांधून त्याच्या वड्या करतात आणि त्यांना ‘आनंद’ अशा अर्थाचे नाव आहे. आपल्या राजगिऱ्याच्या लाडवाचे हे सख्खे भावंड.

सातपुड्याने मका आपलासा केला तो मुख्यतः भाकरीसाठी. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील भिल्ल आणि पावरा कुटुंबांच्या कोरडवाहू उतारांवर तो ज्वारीच्या जोडीने उभा राहिला. धडगाव परिसरातील मका आणि ज्वारीची गावठी वाणे टिकवण्याचे काम ‘बायफ’ संस्थेने स्थानिक शेतकऱ्यांच्या साहाय्याने केले आहे. भाकरीचा मका आणि लाहीचा मका मात्र एक नव्हे. भाकरीचा दाणा मोठा, आतून पिठूळ; तो विस्तवावर तडकतो, अर्धवट उमलतो. लाहीचा दाणा लहान, काचेसारखा कठीण. त्यामुळे शहरात पाकिटातून मिळणारे दाणे आणि डोंगरातल्या कणसाचे दाणे यांत गल्लत करू नये.

आता पाकाकडे वळू. कौटिलीय अर्थशास्त्रात उसाच्या रसापासून होणाऱ्या पदार्थांची यादीच आहे : फाणित, गूळ, मत्स्यण्डिका, खंड, शर्करा. युरोपीय भाषांतले साखरेचे शब्द ‘शर्करा’वरून आणि ‘कँडी’ हा शब्द ‘खंड’वरून फिरत फिरत गेला. तेव्हा साखर आटवण्याची विद्या या देशाला बाहेरून शिकावी लागली नाही. परंतु देशाला ठाऊक असणे आणि देशातल्या प्रत्येकाच्या घरात असणे या निराळ्या गोष्टी आहेत. डोंगरातल्या माणसाचा स्वतःचा गोडवा मोहाच्या फुलात होता. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. ती भाजून, शिजवून, कुटून खाल्ली जात असत. टंचाईत त्यांच्यावर दिवस निघत. इंग्रजी राज्याने या फुलाकडे केवळ दारूचा कच्चा माल म्हणून पाहिले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती गाळपावर बंधने आली आणि १८९२ साली मुंबई इलाख्यात मोहफुलांसंबंधी स्वतंत्र कायदा झाला. फुकटचा गोडवा असा संशयास्पद ठरला आणि विकतचा गोडवा प्रतिष्ठित.

या विकतच्या गोडव्याचा मोठा बाजार भरतो तो होळीच्या आधी. मोलगी, धडगाव येथील भोंगऱ्या बाजारांत डाळ्या, फुटाणे, गूळ, खजूर आणि साखरेचे हार-कंगन यांच्या राशी लागतात. हार-कंगन म्हणजे गाठ्यांचीच खानदेशी जात : कडक पाक लाकडी साच्यांत दोऱ्यावर ओतून केलेली पदके. नंदुरबार शहरात ते तयार होतात आणि डोंगरात होळीच्या उंच बांबूला बांधले जातात. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळी इ.स. १२४६ पासून चालत आल्याचे सांगितले जाते. तिथे लाखो माणसे रात्रभर ढोलाच्या तालावर नाचतात. या उत्सवाचे वर्णन करणारे लेखक मोरपिसांच्या टोपांवर आणि घुंगरांवर पानेच्या पाने खर्च करतात. बांबूला लटकलेली साखर कोठून आली हे सहसा कोणी विचारत नाही.

ती सपाटीवरून आली. शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगर येथे सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. नवापूर तालुक्यात डोकारे येथे निघालेल्या कारखान्याच्या तर नावातच ‘आदिवासी’ हा शब्द आहे. या सपाटीवरच्या जमिनी मूळ भिल्ल कुळांच्या हातून कशा निसटल्या आणि तीच माणसे सालदार म्हणून त्याच जमिनींवर कशी राबू लागली, हा शहादा चळवळीचा विषय होता. अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने संघटित झालेल्या आदिवासींनी १९७२ साली श्रमिक संघटना उभी केली, ती याच प्रश्नावर. दुसरीकडे दरवर्षी पावसाळा सरला की खानदेशातल्या टोळ्या बारडोलीकडच्या उसात उतरत. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७८ साली त्यांच्यावर जे लिहिले ते आजही अस्वस्थ करते. मुकादमाकडून घेतलेली उचल, तोडणी करणाऱ्या माणसांना त्यांच्या हत्यारावरूनच ‘कोयता’ म्हणण्याची रीत, आणि मोसम संपताना हिशेबात उरणारी तूट. होळी या मोसमाच्या ऐन मध्यावर येते. ज्याने ऊस तोडला त्याने हार-कंगन विकत घ्यायचे, आणि तेही बहुधा उचलीच्या पैशांतून.

लाही कोरडी का राहिली, याचे माझ्या मते एक उत्तर येथे आहे. गूळ खड्याने विकत घेणाऱ्या घरात तो वितळवून लाह्यांवर ओतण्याइतका नसे. खडा चाखता येतो, वाटून पुरवता येतो. पाक एकदाच होतो. लाहीचा लाडू हे गुळाची ढेप बाळगणाऱ्या घराचे लक्षण होते.

अमेरिकेतही या दोहोंची गाठ बाजारानेच मारली. शिकागोतील जर्मन स्थलांतरित फ्रेडरिक रुकहाइम आणि त्याचा भाऊ लुई यांनी मक्याच्या लाह्या व शेंगदाणे काकवीत घोळून विकायला सुरुवात केली आणि १८९६ मध्ये त्यांना ‘क्रॅकर जॅक’ हे नाव मिळाले. पुढे दुसऱ्या महायुद्धात साखरेवर नियंत्रण येताच तिथल्या मिठाया दुर्मीळ झाल्या आणि साधी, खारी लाही भरमसाट खपू लागली. साखर हटली की लाही आपल्या मूळ स्वरूपात परतते, ती अशी. आपल्या सरकारलाही हा भेद डिसेंबर २०२४ मध्ये अचानक जाणवला : जीएसटी परिषदेने स्पष्ट केले की खाऱ्या पॉपकॉर्नवर सुटे असल्यास ५ आणि पाकीटबंद असल्यास १२ टक्के कर, पण कॅरॅमल चढवले की ती मिठाई, म्हणून १८ टक्के. देशभर विनोदांचा पाऊस पडला. २२ सप्टेंबर २०२५ पासून साखरेच्या मिठायांचा दरही ५ टक्क्यांवर आला आणि विनोद संपले. तरी त्या वर्गीकरणात एक ऐतिहासिक सत्य नकळत नोंदले गेले होते.

घरी करायचे तर साखरेपेक्षा गूळ घ्यावा, आणि याला भावनिक कारण नाही. पांढरी साखर वितळून तांबूस होईपर्यंत १६० अंशांच्या वर जावे लागते, आणि तांबूस ते करपट हे अंतर काही सेकंदांचे असते. गुळात काकवीचा रंग आणि वास मुळातच आहे. त्याला फक्त कडक पाकापर्यंत न्यायचे. पाव वाटी लाहीचा मका जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून फुलवला की सात-आठ वाट्या लाह्या होतात. न फुटलेले गडंग दाणे वेचून काढावेत, नाहीतर दाताशी गाठ. पाऊण वाटी गूळ दोन चमचे तुपात मंद आचेवर विरघळवावा. थेंब गार पाण्यात टाकून पाहावा : मऊ गोळी झाली तर अजून वेळ आहे, कटकन मोडली तर झाला. मग चिमूटभर खाण्याचा सोडा. गुळातल्या आम्लाशी त्याची गाठ पडताच पाक फसफसून वर येतो, हलका होतो आणि लाहीवर पातळ बसतो. लाह्या ओतून लगेच हलवाव्यात आणि ताटात पसराव्यात. लाडू वळायचे तर हाताला पाणी लावून, गरम असतानाच. ज्वारीच्या लाह्या घेतल्या तर गूळ थोडा कमी लागतो, कारण त्या लहान असल्या तरी पाकाला धरतात चांगल्या. पावसाळी हवेत मात्र हे लाडू तासाभरात चिवट होतात. डबा घट्ट लावावा.