'चेक इंजिन' दिवा आणि वऱ्हाडातील जुनी मोटार : दोषनिदानाच्या ज्ञानाचा एक इतिहास

सारांश
प्रस्तुत शोधनिबंधात मोटारीच्या दोषनिदानाचे ज्ञान मिस्त्रीच्या कानाकडून संगणकाकडे कसे गेले, याचा अमरावती व अकोला या जिल्ह्यांच्या संदर्भात आढावा घेतला आहे. उत्सर्जन मानके सर्वत्र एकाच वेळी लागू न झाल्याने वऱ्हाडातील जुन्या मोटारींच्या बाजारात भिन्न पिढ्यांची वाहने एकत्र आली. त्यामुळे 'चेक इंजिन' या एकाच दिव्याचा अर्थ प्रत्येक मोटारीत निराळा झाला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : वऱ्हाड, उत्सर्जन मानके, ओबीडी, जुनी मोटार, दोषनिदान.

प्रस्तावना
तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा कारखान्यांचा व संशोधकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. वस्तू वापरणाऱ्याचा आणि ती दुरुस्त करणाऱ्याचा विचार त्यात क्वचितच होतो. ज्या कुटुंबाने साठवलेल्या पैशांतून पहिली मोटार जुन्या बाजारातून घेतली, त्याच्या दृष्टीने मात्र दुरुस्तीचा प्रश्न हाच मुख्य प्रश्न असतो. फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला म्हणजे खर्च दोनशे रुपयांचा की वीस हजारांचा, हे त्याला कळत नाही. या अनिश्चिततेस काही ऐतिहासिक कारणे आहेत. त्यांचा शोध घेणे हा या निबंधाचा उद्देश आहे.

कार्बोरेटरचा काळ
स्वातंत्र्यानंतर सुमारे चार दशके भारतीय रस्त्यांवर प्रामुख्याने उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर आणि कुर्ल्याची फियाट, म्हणजेच पुढील काळातील प्रीमियर पद्मिनी, या मोटारी होत्या. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० त्यांत येऊन मिळाली. या तिन्ही मोटारींत इंधन व हवा यांचे मिश्रण कार्बोरेटर करीत असे आणि ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्युटर ठरवीत असे. दोष डोळ्यांना दिसत असे किंवा कानांना ऐकू येत असे. प्लग काळा पडला तर मिश्रणात पेट्रोल जास्त, पांढुरका पडला तर कमी, हे निदान मिस्त्री प्लग काढून हातात घेताच करीत असे.

वऱ्हाडाच्या हवामानाने या ज्ञानाला स्थानिक वळण दिले. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. अशा उन्हात पेट्रोलची नळीतच वाफ होऊन गाडी बंद पडे, तेव्हा 'एसी पंप' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवणे हा उपाय चालकांना ठाऊक असे. सुमारे १,१०० मीटर उंचीच्या चिखलदऱ्याच्या चढावर विरळ हवेमुळे मिश्रण घट्ट होते, याचाही अनुभव येई. काळ्या मातीचा फुफाटा एअर फिल्टरमध्ये साचणे ही तर नित्याची बाब होती. हे ज्ञान पुस्तकात नव्हते. उस्तादाच्या हाताखाली राहून ते शिकावे लागे.

इंजेक्शन व संगणकाचे आगमन
या व्यवस्थेस पहिला धक्का प्रदूषणाच्या प्रश्नाने दिला. एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आवश्यक झाला. शिसेयुक्त पेट्रोलने तो निकामी होतो, म्हणून १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल १९९९ रोजी राजधानी क्षेत्रासाठी युरो मानकांचा आदेश दिला आणि १ एप्रिल २००० पासून 'इंडिया २०००' मानके संपूर्ण देशात लागू झाली. कन्व्हर्टरचे कार्य नीट चालण्यासाठी मिश्रण अत्यंत काटेकोर असावे लागते. हे काम कार्बोरेटरच्या आवाक्याबाहेरचे होते. परिणामी एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र इंधन फवारणीची पद्धत रूढ झाली व मिश्रण ठरविण्याचे काम मिस्त्रीच्या स्क्रू-ड्रायव्हरकडून संगणकाकडे गेले.

दिव्याचा उगम यापूर्वीचा आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९८१ च्या मोटारींत संगणकासोबत हा दिवा दिला. कॅलिफोर्निया राज्याने १९८८ पासून अंगभूत निदानव्यवस्था, म्हणजे ओबीडी, आवश्यक केली आणि १९९६ पासून अमेरिकेत सर्व मोटारींना समान सोळा पिनांचे सॉकेट व समान दोषसंकेत लागू झाले. हा दिवा प्रामुख्याने धुरावर नियंत्रण ठेवण्यासाठी निर्माण झाला, मालकाच्या सोयीसाठी नव्हे. ही बाब लक्षात घेतल्यास त्याचे अनेक 'विचित्र' वर्तन समजू शकते. पेट्रोलच्या टाकीचे झाकण सैल राहिले तरी काही मोटारींत तो लागतो, कारण वाफ बाहेर जाणे हेही प्रदूषणच होय.

एकाच रस्त्यावर अनेक पिढ्या
भारतात ओबीडी बीएस-४ मानकांबरोबर आली. १ एप्रिल २०१० रोजी ही मानके केवळ १३ शहरांत लागू झाली. महाराष्ट्रातील मुंबई, पुणे व सोलापूर ही शहरे त्यांत होती. अमरावती व अकोला नव्हती. उर्वरित भागात २०१० मध्ये टप्प्याटप्प्याने बीएस-३ लागू झाले. बीएस-४ देशभर लागू होण्यास १ एप्रिल २०१७ उजाडले. शिवाय २०१० च्या ओबीडी-१ मध्ये मुख्यत्वे विद्युत जोडण्यांचीच तपासणी होती. कन्व्हर्टरची क्षमता व सिलिंडरमधील चुकलेली ठिणगी यांवर लक्ष ठेवणारी ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून आली.

याचा परिणाम वऱ्हाडातील जुन्या बाजारावर झालेला दिसतो. एमएच-२७ किंवा एमएच-३० क्रमांकाची २०१२ ची मोटार आणि पुण्याहून आलेली त्याच वर्षाची एमएच-१२ क्रमांकाची मोटार बाहेरून सारखी दिसते. पण आतील निदानव्यवस्था सारखी असेलच असे नाही. २००० ते २०१० या दशकातील मोटारींत तर कंपनीनुसार संकेत वेगळे असून काहींमध्ये दिव्याची उघडझाप मोजूनच दोष ओळखावा लागतो. म्हणून एकच स्वस्त वाचनयंत्र सर्व गाड्यांना चालते, हा समज चुकीचा ठरतो.

निदानाची पद्धत
वरील इतिहासातून निदानाचा क्रमही निश्चित करता येतो. प्रथम, चावी 'ऑन' केल्यावर दिवा लागला पाहिजे व इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. चावी फिरवूनही तो लागतच नसेल, तर दिवा काढून टाकलेला अथवा बंद केलेला असण्याची शंका घ्यावी. खरेदीच्या वेळी हे पाहणे अगत्याचे आहे. दुसरे, दिवा स्थिर असल्यास गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. परंतु तो लुकलुकत असल्यास न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापत असतो, म्हणून गाडी थांबवावी.

तिसरे, संकेत वाचल्यावर लगेच भाग बदलू नये. 'पी ०१७१' हा संकेत मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचे सांगतो. त्याचे कारण फुटलेली व्हॅक्यूम नळी, मंदावलेला पंप किंवा मळलेला हवामापक सेन्सर यांपैकी काहीही असू शकते. 'पी ०४२०' आला म्हणजे कन्व्हर्टर गेलाच असे नव्हे. सायलेन्सरची गळतीही तोच संकेत देऊ शकते. प्लग, फिल्टर, बॅटरीचा दाब, उंदरांनी कुरतडलेल्या तारा व नळ्या यांची तपासणी स्वस्त असल्याने ती आधी करावी. २०२५ पर्यंत सर्वत्र पोहोचलेल्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलचाही जुन्या गाडीच्या बाबतीत विचार करावा लागतो, कारण इथेनॉलमधील प्राणवायूमुळे मिश्रण पातळ होण्याकडे झुकते.

चौथे, बॅटरीची तार काढून दिवा विझविणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. तसे केल्याने संगणकाची स्मृती पुसली जाते व स्वयंतपासण्या अपूर्ण राहतात. ओबीडी-२ असलेल्या मोटारीत वाचनयंत्रावर या तपासण्या 'अपूर्ण' दिसल्या, तर संकेत नुकतेच पुसले गेले असावेत असे समजावे आणि पन्नास-साठ किलोमीटर चालवून पुन्हा पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

निष्कर्ष
पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० करण्यात आले. जुनी मोटार राखणे असे महाग होत असताना चुकीच्या निदानाचा भुर्दंड सामान्य मालकास परवडणारा नाही. संगणकाने मिस्त्रीचे ज्ञान कालबाह्य केले, हे मत पूर्णतः ग्राह्य धरता येत नाही. संकेत दोषाचे क्षेत्र दाखवितो. त्या क्षेत्रातील नेमका दोष शोधण्यास आजही प्लगचा रंग पाहणारी दृष्टी व गळतीचा सूर ओळखणारा कान आवश्यक आहे. या दोन्ही ज्ञानपरंपरांची सांगड औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमात, विशेषतः जुन्या वाहनांच्या संदर्भात, घातली जाणे गरजेचे आहे. उस्तादांच्या जुन्या पिढीकडील अनुभवाची नोंद ते हयात असतानाच होणे हे प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासकांचेही कर्तव्य होय.