आपली माणसे कुठल्या संघात?

सोलापूरच्या एका शाळेत मी इतिहास शिकवतो. एकदा वर्गात मुंबईच्या जुन्या क्रिकेट सामन्यांचा विषय निघाला. पुढे भारताचे कर्णधार झालेले पॉली उम्रीगर १९२६ साली आपल्या सोलापुरात जन्मले आणि १९४४ साली पारशी संघातून मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत उतरले, असे मी सांगितले. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, पारशांचा संघ होता, मुसलमानांचा होता. मग आपली माणसं कुठल्या संघात?"

त्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही.

ही स्पर्धा जमातींची होती. आधी युरोपियन आणि पारशी, १९०७ पासून हिंदू धरून तिरंगी, १९१२ पासून मुसलमान धरून चौरंगी, आणि १९३७ साली 'इतर' हा संघ आल्यावर पंचरंगी. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर ती बंद पडली. अस्पृश्यांचा संघ तीत कधीच नव्हता. आपण हिंदूंत मोजले गेलो. पण कसे?

बाळू पालवणकर चर्मकार समाजाचे. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबवर महिना चार रुपयांवर ते मैदानाची निगा राखीत. गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते असे डावखुरे गोलंदाज झाले की, पुण्याच्या हिंदूंना ते संघात हवेसे झाले. मात्र चहाच्या वेळी त्यांना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणाचे पान वेगळे मांडले जाई. चेंडूला विटाळ नव्हता. विटाळ भांड्याला होता! १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या संघात बाळू होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले.

तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९१३ साली कर्णधार झालेले पै यांनी आपल्या सत्कारातच सांगितले की, हा मान बाळूंचा होता. सवर्णांतला एक प्रामाणिक माणूस हे कबूल करतो आणि निवड समिती मात्र जागची हलत नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. १९२० साली बाळूंना वगळले गेले आणि त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना डावलून दुसऱ्याला कर्णधार नेमले गेले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे दोघे भाऊ संघातून बाहेर पडले. स्वाभिमानाची ती कृती होती. अखेर समितीला तिघांनाही परत घ्यावे लागले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले, हिंदूंनी स्पर्धा जिंकली आणि ज्यांची सावलीही चालत नव्हती त्यांना लोकांनी खांद्यावर घेतले.

म्हणजे खांदा मिळाला तो भिडस्तपणाने नव्हे, मैदान सोडण्याची हिंमत दाखवली म्हणून.

आता कडू भाग. १९३२ साली हेच बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने उभे राहिले. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. या एका कारणासाठी आपल्यातले काही जण बाळूंचे नावच घेत नाहीत. मला ते पटत नाही. त्यांची राजकीय वाट चुकली, असे मी म्हणेन; पण त्यांच्या आयुष्याचा पुरावा बाबासाहेबांच्याच बाजूने साक्ष देतो. बळी मोजताना हिंदू, पान मांडताना अस्पृश्य आणि कर्णधार निवडताना पुन्हा अस्पृश्य! लोकसंख्येत मोजायचे, सत्तेत मोजायचे नाही, हीच रीत मतदारसंघांच्या वादात होती.

त्या मुलाला मी म्हणालो, "आपली माणसं हिंदूंच्या संघात होती बाळा. पण तो संघ आपला होता का, हे १९२० साल वाचून तूच ठरव."