मागे राहिलेला मुब्तदा

सोलापुरात उर्दू माध्यमाच्या मुलांना मी मराठी शिकवतो. सहामाहीच्या पेपरात मी 'मला भूक लागली' या वाक्याचं उद्देश्य विचारलं होतं. एका मुलीनं 'मला' लिहिलं. मी अर्धा गुण कापला. 'लागली' हे क्रियापद 'भूक' या शब्दाप्रमाणे चालतं, म्हणून कर्ता भूक आणि तेच उद्देश्य. ती म्हणाली, "सर, ज्याच्याविषयी बोलतो ते उद्देश्य, असं तुम्हीच सांगितलं. मी तर माझ्याविषयी बोलतेय ना?" मला उत्तर सुचलं नाही.

रात्री लहानपणी मौलवीसाहेबांकडे शिकलेली थोडीशी अरबी नहव, म्हणजे वाक्यरचना, आठवली. तिथं यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. काम करणारा तो 'फाइल'. ज्याच्यापासून बोलणं सुरू होतं तो 'मुब्तदा', आणि त्याच्याविषयी जे सांगायचं ती 'खबर'. आठव्या शतकात बसऱ्याच्या सीबवैहनं अरबीचं मोठं व्याकरण लिहिलं. गंमत म्हणजे तो मूळचा इराणी. पुढे बसरा आणि कूफा इथल्या व्याकरणकारांत खूप वाद झाले. अरबीत क्रियापद सहसा आधी येतं. 'आला जैद' यात जैद फाइल, हे दोघांना मान्य. पण 'जैद आला' म्हटलं की बसरेवाले म्हणत, आता तो मुब्तदा झाला. कूफावाले म्हणत, फाइलच आहे, फक्त पुढे सरकलाय. आणि 'घरात एक माणूस आहे'? बसरेवाल्यांच्या मते 'घरात' ही आधी आलेली खबर, आणि माणूस 'मुब्तदा मुअख्खर'. म्हणजे सुरुवातच, पण मागे राहिलेली!

इंग्रजीतही हेच. 'ऑन द टेबल आर टू बुक्स' लिहायला सांगा, मुलं हमखास 'इज' लिहितात. बोलणं टेबलापासून सुरू झालं, पण क्रियापद ऐकतं पुस्तकांचं. 1976 मध्ये चार्ल्स ली आणि सँड्रा थॉम्पसन या अभ्यासकांनी कर्ता आणि बोलण्याचा विषय या दोन गोष्टी वेगळ्या धरून भाषांची तुलना मांडली.

आपल्याकडे दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण 1836 चं, मोरो केशव दामल्यांचं 1911 चं. 'उद्देश्य' हा शब्द संस्कृत शास्त्रांतला. शाळेतलं वाक्यपृथक्करण मात्र इंग्रजी वळणाचं. दोन्ही जुळवताना कर्ता आणि उद्देश्य एकाच खुर्चीत बसले, असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला अर्धा गुण परत दिला. वार्षिक परीक्षेत तोच प्रश्न दोन भागांत विचारला: क्रियापद कोणाप्रमाणे चालतं, आणि बोलणं कोणाविषयी आहे?